छपरावरची छत्री आणि परतीचा फोन : बीबीएस-चालकांच्या उपग्रहसेवांची गोष्ट

१९९३ च्या सुमारास अमेरिकेत घराच्या परसात उपग्रहाची छत्री दिसणे नवलाचे राहिले नव्हते. दोन-तीन मीटर व्यासाच्या अवजड छत्र्या ग्रामीण भागात चांगल्या रुळलेल्या होत्या. काही मोजक्या घरांवर मात्र जेमतेम मीटरभर व्यासाची छत्री असे आणि तिच्यातून निघालेली तार दूरचित्रवाणी संचाकडे जातच नसे. ती जाई एका वैयक्तिक संगणकाकडे. त्या तारेतून चित्र येत नसे, आवाज येत नसे. येत असत पत्रे. हजारो अनोळखी माणसांनी एकमेकांना लिहिलेली, रात्रंदिवस, न थांबता. आजचा थ्रेड त्या छत्रीविषयी.

संगणकाच्या इतिहासात हा विषय बहुधा तळटीपेपुरता येतो. ज्यांनी त्या छत्र्या बसवल्या त्यांचे प्रश्नही साधेच होते : महिन्याला किती पडेल, दिवसाला किती मजकूर येईल, पावसात बंद पडेल का? परंतु या हिशेबाच्या मुळाशी एक जुना प्रश्न दडलेला आहे आणि मला त्याच्यातच अधिक रस आहे. सार्वजनिक पत्रव्यवहाराच्या वाहतुकीचा खर्च कोणी उचलायचा, आणि जो उचलतो त्याचा त्या पत्रांवर हक्क किती?

आधी थोडी पार्श्वभूमी. १९७८ च्या जानेवारीत शिकागोत प्रचंड हिमवादळ झाले. घरात अडकून पडलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सुएस या दोन संगणकवेड्यांनी त्या दिवसांत एका यंत्रणेची जुळवाजुळव सुरू केली. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी ती कार्यान्वित झाली. कार्यालयात वा किराणा दुकानात भिंतीवर सूचनाफलक असतो, त्याचीच ही संगणकीय आवृत्ती. म्हणून नाव बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजेच बीबीएस. कोणीही आपल्या मोडेमने त्या घरच्या क्रमांकावर फोन लावावा, फलकावरील मजकूर वाचावा, आपला मजकूर चिकटवावा आणि फोन ठेवावा. दूरध्वनीची जोडणी एकच असेल तर एका वेळी एकच माणूस आत. बाकीच्यांना 'एंगेज'चा सूर.

असा फलक चालवणाऱ्याला 'सिसॉप' म्हणत. आपण त्याला चालक म्हणू. चालक बहुतेक वेळा हौशी असे : दिवसा नोकरी, रात्री फलकाची देखभाल. कोणी वर्गणी घेत, कोणी घेत नसत. फलकाचे वाचक प्रायः गावातलेच असत आणि त्याचे कारण दूरध्वनीच्या दरपत्रकात होते. अमेरिकेत अनेक ठिकाणी ठरावीक मासिक भाडे भरले की स्थानिक कॉल कितीही वेळ चालत. परगावचा कॉल मात्र मिनिटागणिक मोजला जाई. आपल्याकडच्या एसटीडी बूथमध्ये लाल आकडे पळताना पाहून ज्यांचा जीव खालीवर झाला आहे, त्या पिढीला हे सांगावे लागणार नाही. (माझा जन्म त्यानंतरचा. मला हे आईकडून कळले.)

मग एका गावच्या फलकावरचे बोलणे दुसऱ्या गावी कसे पोहोचावे? याचे उत्तर १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी 'फिडोनेट'च्या रूपाने दिले. रात्रीचा एक तास फलक माणसांना बंद ठेवायचा. त्या तासात फलकांनी एकमेकांना स्वस्त रात्रदरात फोन लावायचे आणि पत्रांच्या थैल्या बदलून घ्यायच्या. हे झाले खाजगी टपाल. १९८६ मध्ये डॅलसच्या जेफ रश यांनी त्यावर 'एकोमेल' रचले आणि चित्र पालटले. डॅलस भागातील चालकांना आपापसांत चर्चा करता यावी, एवढाच मूळ हेतू. एका फलकावर लिहिलेला मजकूर प्रतिध्वनीसारखा सहभागी असलेल्या सर्व फलकांवर उमटू लागला. विमानविद्येपासून स्वयंपाकापर्यंत चर्चांचे विषय वाढत गेले, आणि त्याबरोबर थैल्यांचे वजनही.

हे वजन किती, याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. ३०० बिट प्रतिसेकंद वेगाचा जुना मोडेम सेकंदाला सुमारे ३० अक्षरे नेई. त्या गतीने १० मेगाबाइट मजकूर न्यायला जवळपास चार दिवस लागले असते. १९९१ नंतर रुळलेला १४,४०० बिटांचा मोडेम तोच मजकूर पावणेदोन तासांत नेई. ऐकायला छान, पण पावणेदोन तासांचा परगावचा कॉल, तोही रोज! म्हणून फिडोनेटमध्ये उतरंड तयार झाली. काही मोठे फलक लांबचा कॉल लावून सगळा मजकूर आणत, आसपासचे फलक त्यांच्याकडून तो घेत आणि खर्च वाटून घेत. या वाटणीवरून जितकी भांडणे झाली तितकी क्वचितच दुसऱ्या कशावरून झाली असतील. वर्गणी गोळा करणारा हिशेब देतो का? न देणाऱ्याचा मजकूर अडवायचा का? गावच्या गणेशोत्सव मंडळाचा अनुभव असलेल्या कोणालाही ही भांडणे ओळखीची वाटतील.

फिडोनेटला समांतर असा दुसरा प्रवाह होता 'यूजनेट'चा. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये त्याची कल्पना मांडली. त्याचे माहेर विद्यापीठांतले आणि प्रयोगशाळांतले युनिक्स संगणक; हौशी फलकांचा त्याच्याशी संबंध नंतर आला. दुखणे मात्र तेच, वाढता मजकूर आणि वाढते फोनबिल. उपग्रहाचा पहिला प्रयोगही तिथेच झाला.

१९८४ च्या सुमारास लॉरेन वाइन्स्टाइन यांनी 'स्टारगेट' नावाची योजना पुढे आणली. तिच्यातली युक्ती सुरेख होती. तेव्हाच्या दूरचित्रवाणीचे चित्र वरून खाली रेघारेघांनी रंगवले जाई. तळाला पोहोचलेला इलेक्ट्रॉनचा झोत पुन्हा माथ्यावर येईपर्यंत क्षणभराचा अवकाश सोडलेला असे. त्या अवकाशातल्या रेघा पडद्यावर दिसत नाहीत, तरी प्रक्षेपणात त्या असतातच. कर्णबधिरांसाठीची मथळापट्टी अशाच एका रेघेत, एकविसाव्या, दडवलेली असे. अटलांटाची डब्ल्यूटीबीएस ही वाहिनी तेव्हा उपग्रहामार्फत देशभरच्या केबलवर पोहोचत होती. तिच्या या रिकाम्या रेघांत यूजनेटचा मजकूर भरावा, म्हणजे उपग्रहाचे वेगळे भाडे नको, वेगळी छत्री नको. केबलच्या तारेला एक उलगडक यंत्र जोडले की झाले. युनिक्स वापरकर्त्यांच्या 'यूजनिक्स' या संघटनेने प्रयोगाला पाठबळ दिले आणि तांत्रिकदृष्ट्या तो चाललाही.

घोडे अडले ते दुसरीकडेच. फोनवरून फलकाकडे जाणारा मजकूर हा दोघांमधला व्यवहार. आकाशातून साऱ्या देशावर पडणारा मजकूर हे प्रक्षेपण. त्यात कोणाची बदनामी निघाली, कोणाच्या ग्रंथातील पाने चोरलेली निघाली, तर जबाबदार कोण? या भीतीपोटी स्टारगेटने संपादकाच्या नजरेखालून गेलेल्या गटांचाच मजकूर पाठवायचे ठरवले. आणखी एक अट होती : वर्गणी भरून मिळालेला मजकूर वर्गणीदाराने पुढे कोणाला देऊ नये. व्यापाराच्या दृष्टीने अट रास्तच. वर्गणी एकाने भरायची आणि दहा जणांनी फुकट घ्यायचे, तर सेवा चालणार कशी?

पण यूजनेट उभे होते तेच मुळी पुढे देण्यावर. प्रत्येक संगणक शेजाऱ्याकडून घेई आणि पुढच्या शेजाऱ्याला देई. कोणी कोणाचा मालक नाही. आपण फुकट लिहिलेले कोणी तरी उचलून नेणार, विकणार आणि वर त्याच्या पुढच्या वाटचालीवर बंदी घालणार, हे अनेकांना रुचले नाही. काहींनी आपल्या पत्रांच्या तळाशी स्वामित्वहक्काची एक ओळ घालायला सुरुवात केली. तिचा आशय असा : हा मजकूर जरूर पुढे पाठवा, मात्र ज्यांना पाठवाल त्यांनाही तो पुढे पाठवण्याची मोकळीक असली पाहिजे. मुक्त आज्ञावलींच्या परवान्यांत पुढे जे तत्त्व प्रसिद्धीस आले, त्याचे हे बीज एका उपग्रहसेवेच्या विरोधात पेरले गेले होते. इतिहासात अशा जागा सापडल्या की मला फार आनंद होतो.

स्टारगेट रुजले नाही. यूजनिक्सने १९८७ मध्ये रिक अॅडम्स यांच्या 'यूयूनेट'ला हात दिला. ही सेवा फोनवरूनच मजकूर पुरवी, दोन्ही दिशांनी, आणि ठरावीक दर आकारून. आकाशाचा रस्ता काही काळ मागे पडला.

मधल्या काळात व्यापारी जगात मात्र उपग्रहावरून एकमार्गी माहिती पाठवणे नित्याचे झाले. त्याची वाट १९७९ मध्येच मोकळी झाली होती. केवळ ग्रहण करणाऱ्या छत्रीसाठी परवाना घेण्याची सक्ती अमेरिकी दळणवळण आयोगाने तेव्हा काढून टाकली. एडविन पार्कर यांच्या 'इक्वेटोरियल कम्युनिकेशन्स'ने अवघ्या ६० सेंटिमीटरच्या छत्र्यांवर वृत्तसंस्थांच्या बातम्या आणि बाजारभाव पोहोचवून दाखवले. दलालाच्या कार्यालयात गव्हाचा भाव आकाशातून येऊ शकतो, तर फिडोनेटची पत्रे का येऊ नयेत?

१९९० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत दोन सेवा चालकांसमोर आल्या. कॅलिफोर्नियातील 'पेजसॅट'चा भर होता यूजनेटवर. 'प्लॅनेट कनेक्ट' ही खास बीबीएस-चालकांसाठी. तिच्यावरून फिडोनेटचे एकोमेल येई, यूजनेटचे गट येत, आणि शेअरवेअर आज्ञावलींच्या फायलीही येत. दोन्ही सेवा केयू पट्ट्यात चालत. त्या पट्ट्याच्या लहरींची लांबी कमी, म्हणून छत्री लहान पुरते. जुन्या सी पट्ट्याला लागणारी परस व्यापणारी छत्री नको. दक्षिणेच्या आकाशाकडे मोकळी नजर जाईल अशी खांबभर जागा मिळाली की पुरे.

आता तुलना. पेजसॅटचा आरंभीचा वेग ९,६०० बिट प्रतिसेकंद, प्लॅनेट कनेक्टचा १९,२००. मोडेमच्या तुलनेत हे आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत. १४,४०० चा मोडेम बाजारात असताना ९,६०० साठी छपरावर चढायचे कशाला? खरी गंमत पुढे आहे. मोडेम चालतो कॉल चालू असेपर्यंत. छत्री चालते चोवीस तास. दिवसात ८६,४०० सेकंद. ९,६०० ला त्याने गुणा आणि आठाने भागा, म्हणजे दिवसाला सुमारे १०० मेगाबाइट. दुप्पट वेगाला २०० मेगाबाइट. तेव्हाच्या सामान्य घरगुती संगणकाची हार्ड डिस्क शे-दोनशे मेगाबाइटची असे! छत्रीने मनात आणले असते तर एका दिवसात चालकाचे घर भरून टाकले असते. त्यामुळे सेवा घेण्यापूर्वी दुसरी, मोठी डिस्क विकत घेणे आलेच, आणि आलेल्या मजकुरातले आपल्याला हवे तेवढे ठेवून बाकीचे टाकणारी आज्ञावलीही आली.

दुसरी अडचण अधिक मूलभूत. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये 'एक्समोडेम' नावाची पद्धत रचली होती. तिच्यात फाइल १२८ बाइटच्या तुकड्यांत जाई. प्रत्येक तुकड्यानंतर पलीकडून 'पोहोचला' अशी पावती येई. न आल्यास तुकडा पुन्हा पाठवला जाई. पुढच्या सुधारलेल्या पद्धतींतही हा संवाद कोणत्या ना कोणत्या रूपात टिकला. छत्रीला तोंडच नाही. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला ती 'पोहोचले नाही, पुन्हा पाठवा' असे सांगू शकत नाही. म्हणून अशा एकमार्गी सेवांत दोन उपाय योजावे लागतात. मजकुरात थोडी जादा माहिती मिसळायची, म्हणजे किरकोळ चुका घेणाऱ्याला स्वतःच दुरुस्त करता येतात; आणि काही मजकूर पुन्हा पाठवायचा, एकदा निसटला तर दुसऱ्या खेपेस सापडेल. या दोन्ही उपायांनी उपलब्ध वेगातला काही वाटा खाल्ला जातो. शिवाय केयू पट्ट्याचे पावसाशी वाकडे. मुसळधार सर आली की संदेश क्षीण होतो. आणि वर्षातून दोनदा, संपातांच्या आसपास, काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. तेव्हा रोज काही मिनिटे छत्रीला सूर्याच्या गोंगाटाखेरीज काहीच ऐकू येत नाही.

संगणकालाही विश्रांती नाही. फोनवरचा मजकूर आपण हवा तेव्हा मागवतो. छत्रीवरचा मजकूर येतच राहतो, तुम्ही जागे असा वा नसा. डॉसवर एका वेळी एकच काम होई. तेव्हा चालकाने एक वेगळा संगणक केवळ ऐकत बसण्यासाठी ठेवायचा, किंवा डेस्कव्ह्यू, ओएस/२ असे काही बसवून एकाच यंत्राकडून दोन कामे करवून घ्यायची.

मग हे सगळे कोणाला परवडत असे? माझ्या मते याचे उत्तर भूगोलाने दिले. शिकागो वा डॅलसच्या चालकाला शेजारीच मोठा फलक मिळे. स्थानिक कॉलवर थैली येई. त्याला छत्रीचा उपयोग मुख्यतः फायलींपुरता. त्या फायलींनाही एक स्पर्धक होता, अगदी गावठी : टपालाने येणारी सीडी. वॉलनट क्रीकसारख्या कंपन्या १९९१ पासून शेअरवेअरने भरलेल्या सीडी विकत. एका सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट, म्हणजे प्लॅनेट कनेक्टचे जवळपास तीन दिवसांचे बोलणे एका लिफाफ्यात. ताजेपणा कमी, पण पावसाची भीती नाही. याउलट माँटाना वा डकोटाच्या विरळ वस्तीत जिथे सर्वांत जवळचा फलकही परगावी, तिथे अंतर पुसून टाकणारी छत्री हे वरदान होते. उपग्रहाच्या दृष्टीने न्यूयॉर्क आणि रानातले शेतघर सारखेच. मासिक वर्गणी ठरलेली. बिल उघडताना छाती धडधडत नाही.

ऐकणे असे स्वस्त आणि सपाट झाले. बोलणे मात्र होते तिथेच राहिले. आपल्या फलकावर कोणी उत्तर लिहिले तर ते बाहेर पाठवायला पुन्हा फोनच लावावा लागे. परतीची थैली लहान असल्याने कॉल लहान, इतकाच फरक. ही वरकरणी सोय फिडोनेटच्या घडीवर परिणाम करणारी होती. खर्चवाटणीच्या मंडळातून एक-एक चालक छत्रीकडे वळला, तर राहिलेल्यांवरचा बोजा वाढतो. आणि वळलेल्यालाही आपले पत्र बाहेर पाठवण्यासाठी तोच मोठा फलक हवा असतो, ज्याची वर्गणी त्याने नुकतीच थांबवली. म्हणजे जाणाऱ्या पत्राची वाट त्या उरलेल्यांच्या उदारपणावर. १९८० च्या दशकात स्टारगेटच्या निमित्ताने जो वाद तत्त्वाच्या पातळीवर झाला, तोच आता घरखर्चाच्या वहीत उतरला.

मला इथे हौशी चालकांची बाजू घेण्याचा मोह होतो, पण सेवा चालवणाऱ्यांचीही बाजू आहे. उपग्रहावरच्या जागेचे भाडे दहा वर्गणीदार असोत वा हजार, तितकेच. फिडोनेटच्या यादीत ऐन भरात ३०,००० हून अधिक फलक होते. ऐकायला बाजारपेठ मोठी. पण त्यातले किती जण अमेरिकेत, त्यातले किती जण छत्रीचा एकरकमी खर्च करण्याच्या ऐपतीचे, आणि त्यातल्या किती जणांना शेजारी फुकट थैली मिळत नव्हती? गाळणीतून गाळत गेले की धंदा किती अरुंद होता ते कळते.

भारताचा विषय निघालाच म्हणून दोन शब्द. या दोन सेवा उत्तर अमेरिकेसाठीच्या. आपल्या आकाशाशी त्यांचा संबंध नव्हता. छत्री मात्र त्याच वर्षांत इकडेही आली. १९९१ च्या आखाती युद्धात सीएनएनची दृश्ये आणि मग स्टार टीव्ही मुंबईच्या इमारतींवरच्या छत्र्यांनी उतरवून घेतले, आणि गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. लहान छत्र्यांवरून संगणकांचे दळणवळणही देशात होते, पण ते सरकारचे : राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या 'निकनेट'ने १९८० च्या दशकाच्या अखेरीस जिल्हा मुख्यालये उपग्रहाने जोडली. मुंबईत हौशी बीबीएस होते, फिडोनेटच्या आशियाई विभागाशी त्यांचे नातेही होते. त्यांच्यापुढचा अडसर निराळा. १८८५ च्या तार अधिनियमाने दळणवळणाचा एकाधिकार सरकारकडे ठेवलेला. १९९४ मध्ये तर दूरसंचार खात्याने बीबीएस-चालकांना लाखो रुपयांचे वार्षिक परवानाशुल्क लावण्याचा घाट घातला. तिकडे चालक दोन छत्र्यांत तुलना करीत होता. इकडे फलक चालवणे हा गुन्हा ठरेल का, याची चिंता.

पुन्हा अमेरिकेकडे. या सेवांचा शेवट एखाद्या घोटाळ्याने वा खटल्याने झाला असता तर इतिहासकारांचे काम सोपे झाले असते. तसे काही झाले नाही. मजकूर छत्रीपेक्षा मोठा झाला. यूजनेटवर चित्रांच्या आणि आज्ञावलींच्या फायली अक्षरांचे रूप घेऊन फिरू लागल्या आणि १९९६ च्या अखेरीस त्याचा एका दिवसाचा मजकूर काही गिगाबाइटांवर पोहोचला. १९,२०० बिटांच्या नळातून दिवसाला २०० मेगाबाइट. म्हणजे एका दिवसाचा मजकूर उतरवायला कित्येक आठवडे. त्याच सुमारास वाचकही निघून गेला. ३० एप्रिल १९९५ रोजी एनएसएफनेटचा सरकारी कणा बंद होऊन इंटरनेटचा पाया खाजगी कंपन्यांकडे गेला. गावोगाव इंटरनेट सेवा देणारे उभे राहिले, आणि १९९६ च्या डिसेंबरात अमेरिका ऑनलाइननेही महिन्याला १९ डॉलर ९५ सेंट असा सपाट दर लावला. ज्याला थेट समुद्रावर जाता येते तो गावच्या पाणवठ्यावर कशाला थांबेल? अनेक चालकांनी स्वतःच इंटरनेट सेवेचा धंदा सुरू केला. मोडेम, फोनच्या जोडण्या आणि गिऱ्हाइकांची ओळख, तिन्ही त्यांच्याकडे होतेच.

उपग्रहावरून यूजनेट पाठवण्याची कल्पना मात्र लगेच मेली नाही. तिचे गिऱ्हाईक बदलले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डग हम्फ्री यांच्या 'स्कायकॅश'ने, म्हणजे पुढच्या 'सिडेरा'ने, हाच माल मोठ्या वेगाने इंटरनेट कंपन्यांना पुरवला. घरगुती वापरासाठी ह्यूजेस कंपनीची 'डायरेकपीसी' आली होती. तिच्यातही उतरणारा मजकूर आकाशातून आणि चढणारा फोनवरून. तोंड नसलेल्या छत्रीचे दुखणे तसेच पुढे गेले.

एकमार्गी आकाशावर देश किती विसंबला होता ते १९ मे १९९८ रोजी दिसले. गॅलेक्सी ४ या उपग्रहाचे नियंत्रण सुटले आणि अमेरिकेतील बहुसंख्य पेजर, कोट्यवधी, एका संध्याकाळी मुके झाले. डॉक्टरांना निरोप पोहोचेनात. बीबीएस-चालकांपैकी फारच थोडे तेव्हा छत्री वापरत असतील, त्यामुळे त्या बातम्यांत त्यांचा उल्लेख शोधून उपयोग नाही.

शेवटी साधनांविषयी, कारण या थ्रेडच्या मालिकेत तो प्रश्न दर वेळी विचारला जातो : हे सगळे मजकूर आज कुठे आहेत? छत्रीतून जो मजकूर उतरला तो चालकाच्या डिस्कवर काही दिवस राहिला. जागा हवी म्हणून जुने पुसून टाकणारी आज्ञावली नेमाने चालत असे. टोरांटो विद्यापीठात हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ चे यूजनेट १४१ चुंबकीय फितींवर साठवून ठेवले होते. २००१ मध्ये गूगलने आपला संग्रह खुला केला तेव्हा आरंभीच्या वर्षांची भिस्त त्या फितींवर होती. १९९२ ते १९९५ ही वर्षे, नेमकी छत्र्यांच्या भराची, बऱ्याच अंशी भरून निघाली ती स्टर्लिंग सॉफ्टवेअरच्या 'नेटन्यूज' सीडींवरून. यूजनेटचा मजकूर सीडीवर दाबून ती कंपनी टपालाने विकत असे. फिडोनेटच्या एकोमेलचे नशीब एवढेही नाही. त्याचे जे अवशेष मिळतात ते एखाद्या चालकाने माळ्यावर ठेवलेल्या खोक्यात, फ्लॉपींवर, आणि त्यातल्या कित्येक फ्लॉपी आता वाचता येत नाहीत.